यूएसबी डॅक : विंडोज ११ वर ड्रायव्हर आणि लॅबव्ह्यू बसवताना (मदत हवी आहे)

तंत्रसहायक_सातारा

नमस्कार मंडळी,

मी साताऱ्याजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात इन्स्ट्रुमेंटेशनच्या लॅबमध्ये तांत्रिक सहायक आहे. आमच्याकडे एनआयचे (नॅशनल इन्स्ट्रुमेंट्स) यूएसबी-६००९ डॅक, म्हणजे सेन्सरचे सिग्नल पीसीत घेणारी डेटा ॲक्विझिशन उपकरणं, डेड स्टॉक रजिस्टरला बऱ्याच वर्षांपासून आहेत आणि आजही उत्तम चालतात. यंदा लॅबचे पीसी बदलून विंडोज ११ चे आले. ज्यांनी पीसी पुरवले त्यांच्याच माणसाने सगळी सॉफ्टवेअर टाकून दिली आणि तो गेला. आता मुलांची प्रॅक्टिकल सुरू होणार, आणि पीसीगणिक वेगळं दुखणं आहे.

पहिल्या पीसीवर लॅबव्ह्यू (एनआयचं चित्ररूप प्रोग्रामिंगचं सॉफ्टवेअर) २०२३ क्यू३, म्हणजे तिसऱ्या तिमाहीची आवृत्ती, आहे. डॅक जोडला की एनआय मॅक्समध्ये (उपकरणं तपासण्याचा एनआयचा प्रोग्राम) दिसतो, सेल्फ टेस्टही पास होते. पण लॅबव्ह्यूत ब्लॉक डायग्रामवर राइट क्लिक केलं की मेजरमेंट आयओच्या पॅलेटमध्ये डॅकएमएक्स (एनआयचा डॅक ड्रायव्हर) नाहीच. जुनी व्हीआय (लॅबव्ह्यूतला प्रोग्राम) उघडली तर सगळे सबव्हीआय (त्यातले उपप्रोग्राम) सापडत नाहीत म्हणून धावण्याचा बाण तुटलेला येतो.

दुसऱ्या पीसीवर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं त्रिकोणी चिन्ह येतं, कोड २८. तिथे डॅकसोबत पूर्वी आलेल्या सीडीवरूनच ड्रायव्हर टाकायचा प्रयत्न झालेला दिसतो, तो अर्धवट राहिलाय.

डॅकवरचा हिरवा एलईडी पहिल्या पीसीवर लुकलुकतो, दुसऱ्यावर अजिबात नाही. डॅक अदलाबदल करून पाहिले, फरक नाही. कुठून सुरुवात करू?

---

सिग्नलवाला

ताई, अदलाबदल करून पाहिलंत हे फार बरं केलंत. डॅक ठीक आहेत, केबल ठीक आहेत, दुखणं पीसीत आहे हे तिथेच कळलं.

एलईडीचं आधी सांगतो. ६००८ आणि ६००९ वरचा तो दिवा नुसता वीज आल्याचा नाही. डॅकएमएक्स असलेल्या पीसीने डॅक ओळखून सुरू केला की तो ठरावीक लयीत लुकलुकतो. ड्रायव्हर नसेल तर पाच व्होल्ट मिळत असले तरी दिवा लुकलुकत नाही. त्यामुळे लॅबमध्ये शिरल्या शिरल्या तोच बघायचा.

आता पहिला पीसी. तिथे ड्रायव्हर आधी आणि लॅबव्ह्यू नंतर टाकलंय, मी खात्रीने सांगतो. डॅकएमएक्सचा इन्स्टॉलर चालतो त्या वेळी पीसीवर कोणकोणती लॅबव्ह्यू आहेत ते तो पाहतो आणि त्यांच्यापुरत्या पॅलेट व लायब्ररी त्या त्या फोल्डरमध्ये ठेवतो. लॅबव्ह्यू नंतर आलं तर ड्रायव्हर स्वतःपुरता पूर्ण असतो, मॅक्सला डॅक दिसतो, सेल्फ टेस्ट पास होते. फक्त लॅबव्ह्यूला त्याची ओळख झालेली नसते. तुमच्याकडे नेमकं हेच झालंय.

सगळं काढून टाकू नका. एनआय पॅकेज मॅनेजर उघडा, डॅकएमएक्सचा इन्स्टॉलर पुन्हा चालवा आणि लॅबव्ह्यू २०२३ चा सपोर्ट निवडलेला आहे ना ते बघा. ३२ बिट आणि ६४ बिट लॅबव्ह्यूचे सपोर्ट वेगवेगळे असतात, त्यामुळे तुमचं कोणतं आहे ते आधी हेल्पमधल्या अबाउटमध्ये पाहून घ्या. मग रीस्टार्ट.

क्रम कायमचा लक्षात ठेवा: आधी लॅबव्ह्यू, मग डॅकएमएक्स, मग रीस्टार्ट, आणि त्यानंतर डॅकची केबल. डॅक आधी जोडला की विंडोज स्वतःच ड्रायव्हर शोधायला लागतं, त्याला मिळत नाही आणि अनोळखी डिव्हाइस म्हणून नोंद होते. नंतर ती निस्तरता येते, पण उगाच वेळ जातो.

---

जुनीलॅब

दुसऱ्या पीसीबद्दल मी लिहितो, कारण सीडीवरून ड्रायव्हर टाकण्याचा हा प्रकार गावोगावच्या लॅबमध्ये पाहिलाय आणि तो थांबायला हवा असं मनापासून वाटतं.

डब्यातली सीडी ही डॅक विकत घेतला त्या वर्षाची असते. त्या काळी एक्सपी नाहीतर विंडोज ७ होतं. डॅक तोच राहिला तरी खालचं विंडोज बदललं की ड्रायव्हरही बदलावा लागतो. ड्रायव्हर हा कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, शिरणारा प्रोग्राम आहे, नेहमीच्या सॉफ्टवेअरसारखी सवलत त्याला मिळत नाही. जुना ३२ बिटचा एखादा हिशेबाचा प्रोग्राम ६४ बिट विंडोजवर आरामात चालतो, पण ३२ बिटचा कर्नल ड्रायव्हर चालत नाही म्हणजे नाहीच. आणि विंडोज ११ तर ३२ बिटमध्ये येतच नाही.

दुसरी गोष्ट डिजिटल सहीची. २०१६ मध्ये आलेल्या विंडोज १० च्या १६०७ आवृत्तीपासून नव्या कर्नल ड्रायव्हरवर मायक्रोसॉफ्टच्या पोर्टलवरून झालेली सही लागते. सही पटली नाही की कोड ५२ येतो. शिवाय विंडोज सिक्युरिटीमध्ये कोअर आयसोलेशनखाली मेमरी इंटिग्रिटी नावाचा पर्याय असतो, नव्या पीसीवर तो बहुधा चालूच असतो. तो जुन्या धाटणीचे ड्रायव्हर अडवतो, तेव्हा कोड ३९ पाहायला मिळतो. इंटरनेटवर सर्रास सल्ला मिळतो की मेमरी इंटिग्रिटी बंद करा, सही तपासणी बंद करून बूट करा. कृपा करून लॅबच्या पीसीवर हे करू नका. तिथे दिवसभर मुलांचे पेन ड्राइव्ह लागतात. अडचण विंडोजच्या पहाऱ्याची नाही, ड्रायव्हर जुना आहे. नवा आणा.

तुमचा कोड २८ यातला सगळ्यात सोपा. त्याचा अर्थ एवढाच की या डिव्हाइससाठी ड्रायव्हरच नाही. खात्रीसाठी पिवळ्या चिन्हावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, आणि खालच्या यादीतून हार्डवेअर आयडीज निवडा. तिथे व्हीआयडीपुढे (उत्पादकाचा क्रमांक) ३९२३ दिसलं तर तो एनआयचाच डॅक आहे. तिथे शून्यच शून्य दिसत असतील आणि कोड ४३ असेल, तर मात्र केबल किंवा पोर्ट तपासायचा, कारण मग डॅकला स्वतःची ओळखही सांगता आलेली नसते.

---

तंत्रसहायक_सातारा

३९२३ च आहे! मनापासून आभार दोघांचेही.

मग दुसऱ्या पीसीवर नेमकी कोणती आवृत्ती उतरवू? साइटवर यादी लांबलचक आहे. आणि लॅबला इंटरनेट बेताचंच आहे, ऑफिसमधून उतरवून पेन ड्राइव्हवर न्यावं लागेल.

---

सिग्नलवाला

लॅबव्ह्यू २०२३ क्यू३ आहे ना, मग डॅकएमएक्सही २०२३ क्यू३ घ्या. एकाच तिमाहीची जोडी घेतली की डोक्याला ताप राहत नाही. डॅकएमएक्सची एखादी आवृत्ती साधारणपणे त्या वर्षीचं लॅबव्ह्यू आणि त्याआधीची तीन वर्षं सांभाळते. म्हणून ‘सगळ्यात नवा तो सगळ्यात चांगला’ हे इथे चालत नाही. फार नवा ड्रायव्हर टाकलात तर जुन्या लॅबव्ह्यूचा सपोर्ट त्यात नसतो आणि पहिल्या पीसीसारखीच पॅलेट गायब होते.

उतरवताना ऑनलाइन इन्स्टॉलर घेऊ नका, तो छोटा दिसतो पण चालवल्यावर बाकीचं नेटवरूनच ओढतो. ऑफलाइन हा पर्याय निवडा, आयएसओ फाइल मिळते. ती काही जीबींची असते, त्यामुळे पेन ड्राइव्ह एफएटी३२ नको, एनटीएफएस किंवा एक्सफॅट करून घ्या. एफएटी३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल जात नाही.

टाकण्याआधी कंट्रोल पॅनलमधून एनआय सॉफ्टवेअर काढायच्या यादीत त्या अर्धवट सीडीचे अवशेष असतील ते काढा, रीस्टार्ट करा. मग डिव्हाइस मॅनेजरच्या व्ह्यू मेनूत हिडन डिव्हाइसेस दाखवायला सांगा, फिकट दिसणाऱ्या जुन्या नोंदी काढा. लॉगिन ॲडमिनचं हवं. इन्स्टॉलर मधेच विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करायचं का विचारतो, तिथे हो म्हणा. फास्ट स्टार्टअपमध्ये शटडाउन केलं तरी कर्नल पूर्ण बंद होत नाही, त्याची अवस्था डिस्कवर जपून ठेवली जाते; नवं हार्डवेअर बसवताना ते अडचणीचं ठरतं.

---

अभियांत्रिकी_तिसरंवर्ष

एक बाळबोध प्रश्न. आमच्या कॉलेजात डॅक एकच आहे आणि तो सरांच्या कपाटात असतो. घरी सराव कसा करायचा? आर्डुइनो आहे माझ्याकडे, तो चालेल का?

---

सिग्नलवाला

प्रश्न अजिबात बाळबोध नाही, उलट हे प्रत्येक मुलाला माहीत असायला हवं. डॅकएमएक्स घरी टाक आणि मॅक्समध्ये डिव्हाइसेस अँड इंटरफेसेसवर राइट क्लिक करून सिम्युलेटेड डिव्हाइस तयार कर. यादीतून यूएसबी-६००९ निवड. खऱ्या डॅकचं चिन्ह हिरवं असतं, याचं पिवळं. ॲनालॉग इनपुट वाचलंस की साइन वेव्ह मिळते. टास्क, ट्रिगर, बफर, एरर हाताळणं, सगळं शिकता येतं. नंतर कॉलेजात खरा डॅक मिळाला की फक्त नाव बदलायचं. लॅबव्ह्यूची कम्युनिटी एडिशन २०२० पासून घरगुती, अव्यावसायिक वापरासाठी फुकट आहे.

आर्डुइनो उनोही शिकायला छान आहे, पण तो डॅकएमएक्सला दिसणार नाही. तो कॉम पोर्ट म्हणून येतो आणि त्याच्याशी सिरीयलने बोलावं लागतं. त्याचा एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) १० बिटचा, ० ते ५ व्होल्टवर एक पायरी सुमारे ४.९ मिलिव्होल्टची. ऋण व्होल्टेज तर त्याला द्यायचंच नाही.

---

कॉमपोर्ट

आर्डुइनोचा विषय निघालाच आहे म्हणून भर घालतो. आपल्याकडे लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या क्लोनवर बहुतेक यूएसबी-सिरीयल जोडणारी सीएच३४० चिप असते, त्याचा ड्रायव्हर वेगळा. एफटीडीआय या चिप बनवणाऱ्या कंपनीचं नाव छापलेल्या नकली चिपाही फिरतात. ऑक्टोबर २०१४ मध्ये विंडोज अपडेटमधून आलेल्या एफटीडीआय ड्रायव्हरने अशा नकली चिपांचा प्रॉडक्ट आयडी शून्य केला होता आणि चालती उपकरणं एका रात्रीत ‘अनोळखी’ झाली होती. ओरड झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घेतला गेला. परीक्षेच्या काळात लॅबच्या पीसीचे ड्रायव्हर अपडेट थांबवून ठेवावेत, या मताचा मी तेव्हापासून आहे.

---

तंत्रसहायक_सातारा

दोन्ही पीसी जमले! पहिल्यावर पॅलेट आली, दुसऱ्यावर एलईडी लुकलुकायला लागला. तुम्हा सगळ्यांना फार फार धन्यवाद.

एक शंका मात्र आली. मॅक्समधलं टेस्ट पॅनल उघडून एआय० (पहिलं ॲनालॉग इनपुट) वर काहीही न जोडता वाचलं तर १.४ व्होल्टच्या आसपास स्थिर रीडिंग येतं. शून्य यायला हवं ना? कॅलिब्रेशन गेलंय का?

---

सिग्नलवाला

नाही, हे ठणठणीत आहे. ६००८ आणि ६००९ च्या इनपुटला आतून रोधांचं जाळं आहे, मोकळी सोडलेली वायर त्यामुळे १.४ व्होल्टच्या जवळपास बसते. मोकळ्या चॅनलचं रीडिंग हे मोजमाप नव्हेच, कुठल्याही डॅकवर. मुलांना पहिल्याच प्रॅक्टिकलला हे दाखवा, पुढचे कितीतरी घोळ टळतील.

तपासणी अशी करा. मोड आरएसई (ग्राउंडच्या तुलनेत मोजणारा) ठेवा. स्क्रू टर्मिनल २ म्हणजे एआय०, आणि टर्मिनल १ ग्राउंड. दोन्ही छोट्या वायरने जोडा, शून्याजवळ यायला हवं. मग ती वायर काढून टर्मिनल ३० आणि टर्मिनल २ जोडा. ३० वर डॅकचा स्वतःचा २.५ व्होल्टचा संदर्भ मिळतो, म्हणजे स्क्रीनवर २.५ च्या अगदी जवळचा आकडा दिसला पाहिजे. शेजारच्या ३१ वर ५ व्होल्ट आहेत, स्क्रू ड्रायव्हर घसरून ३१ आणि ३२ एकत्र होणार नाहीत एवढं जपा, ३२ ग्राउंड आहे.

या दोन वायरींनी ड्रायव्हर, केबल, एडीसी सगळ्याची एकदम परीक्षा होते आणि लॅबव्ह्यू उघडावंही लागत नाही. टेस्ट पॅनलवर जे बरोबर आलं नाही ते प्रोग्राममध्ये बरोबर येणार नाही, म्हणून मी माझ्या हाताखालच्या पोरांना टेस्ट पॅनलच्या आधी कोड लिहूच देत नाही.

---

भोसरी_टेस्टबेड

कंपनीत रात्रभर लॉगिंग लावणाऱ्यांसाठी लिहितो, कॉलेजलाही उपयोगी पडेल. संध्याकाळी सगळं व्यवस्थित सुरू करून घरी जावं आणि सकाळी मायनस २०१००३ ही एरर घेऊन प्रोग्राम थांबलेला असावा, हा अनुभव आमच्या धंद्यात सगळ्यांनाच आहे. अर्थ: डॅकपर्यंत पोचता येत नाही, तो मधेच निघाला.

ड्रायव्हर पुन्हा टाकायच्या भानगडीत पडण्याआधी वीज बघा. पॉवर ऑप्शन्समध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंट टॅबवर ‘वीज वाचवण्यासाठी हे डिव्हाइस बंद करू द्या’ या अर्थाची खूण असते, ती काढा. पीसी झोपणार नाही असं ठेवा. ६००९ ला वेगळा अडॅप्टर नाही, सगळी वीज यूएसबीतूनच येते. त्यामुळे एका बिनविजेच्या हबवर डॅक, वेबकॅम आणि हार्ड डिस्क लावू नका. यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलिअँपिअरच देतो, आणि हब तेवढंच सगळ्यांत वाटतो.

शेजारी व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) असेल तर आणखी काळजी. मोटर सुरू होताना यूएसबी तुटतो आणि लोक ड्रायव्हरला शिव्या देतात. यूएसबी २ ची केबल ५ मीटरपलीकडे न्यायची नाही, आणि मोटरच्या केबलच्या ट्रेमधून तर मुळीच नाही. आम्ही अशा जागी यूएसबी आयसोलेटर लावतो, लॅपटॉप आणि मशीन यांच्या अर्थिंगचा फेरा तिथेच तुटतो.

---

प्रोजेक्ट_थर्मल

६००९ ला के टाइप थर्मोकपल (तापमानाचा सेन्सर) थेट लावलं तर चालेल का? मॅक्समध्ये टेंपरेचरचा पर्याय दिसतो.

---

सिग्नलवाला

पर्याय दिसतो, पण हिशेब करून बघ. के टाइप एका अंश सेल्सिअसला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट देतो. ६००९ ची सगळ्यात बारीक रेंज डिफरन्शियलमध्ये (दोन इनपुटमधला फरक मोजताना) अधिक-उणे १ व्होल्ट. १४ बिट म्हणजे १६३८४ पायऱ्या. २ व्होल्टला १६३८४ ने भागलं की एक पायरी १२२ मायक्रोव्होल्टची. म्हणजे तापमान सुमारे ३ अंशांच्या उड्या मारत दिसणार, त्यावर गोंगाट वेगळा, आणि कोल्ड जंक्शनचं (थर्मोकपलच्या वायरी डॅकला जोडल्या तिथलं) तापमान डॅक स्वतः मोजत नाही ते वेगळंच. भट्टीचा ढोबळ अंदाज चालेल, प्रोजेक्टच्या ग्राफला नाही. मध्ये थर्मोकपल ॲम्प्लिफायर टाक, नाहीतर विभागाकडे थर्मोकपलसाठीच बनवलेलं मॉड्यूल आहे का विचार.

---

गोवेकरीण

लिनक्सवाल्यांसाठी थोडं. आम्ही पणजीला रास्पबेरी पायवर मेजरमेंट कॉम्प्युटिंग कंपनीचा डॅक वापरतो. विंडोजवर सहसा त्यांचं इन्स्टाकॅल सॉफ्टवेअर आधी चालवून बोर्डाला नंबर द्यावा लागतो. लिनक्सवर यूएलडॅक ही त्यांची खुली लायब्ररी आहे, ती लिबयूएसबीवर चालते. कर्नलमध्ये काही शिरत नाही, म्हणून कर्नल अपडेट झालं तरी डॅक बंद पडत नाही. बाहेर ठेवलेल्या यंत्रासाठी मला हे फार मोलाचं वाटतं. अडतं ते परवानगीपाशी: सुडो (ॲडमिनचे अधिकार) लावलं की चालतं, न लावता चालत नाही. तेव्हा समजायचं की यूडेव्हचा (उपकरणाची परवानगी ठरवणारा) नियम बसलेला नाही किंवा नियम टाकल्यावर केबल काढून पुन्हा लावलेली नाही. रोज सुडोने प्रोग्राम चालवायची सवय लावून घेऊ नका.

---

बव्हेरियाकर

गोवेकरीण यांच्याशी सहमत. उबंटूवर डॅकएमएक्स टाकणाऱ्यांनी एवढं बघावं: तिथे कर्नल मॉड्यूल डीकेएमएसमधून (त्या त्या कर्नलसाठी मॉड्यूल बनवणारी व्यवस्था) बनतात. कर्नल बदलला की ती नव्याने बनावी लागतात, आणि सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेलं मॉड्यूल कर्नल आत घेत नाही. इथे जर्मनीत आमच्या टेस्ट रिगवर कर्नलची आवृत्ती गोठवून ठेवतो आणि अपडेट फक्त ठरवून करतो.

---

पायथॉन_शिकतोय

विंडोजवर पिपने (पायथॉनचा पॅकेज इन्स्टॉलर) एनआयडॅकएमएक्स टाकलं तर ‘ड्रायव्हर सापडला नाही’ म्हणतं. आणि ज्या पीसीवर ड्रायव्हर आहे तिथे कधी कधी मायनस ५०१०३ येतं.

---

जुनीलॅब

पिपने येतो तो फक्त पायथॉनचा वरचा थर. खाली डॅकएमएक्स ड्रायव्हर स्वतंत्रपणे टाकावाच लागतो.

मायनस ५०१०३ म्हणजे ते चॅनल दुसऱ्या कुणीतरी राखून ठेवलंय. मॅक्सचं टेस्ट पॅनल मागे उघडं आहे का बघ, किंवा आधीचा स्क्रिप्ट मधेच थांबवल्यामुळे टास्क बंद झालेला नसेल. पायथॉनचं विथ वापरून टास्क लिहिलास की आतमध्ये एरर आली तरी टास्क आपोआप बंद होतो.

---

तंत्रसहायक_सातारा

शेवटचं विचारते. काल मुलांनी दोन टेबलांवरचे डॅक आपसात बदलले आणि दोन्हीकडे मायनस २००२२० आली. मॅक्समध्ये डेव्ह१ वर लाल फुली आणि खाली डेव्ह२ नवा.

---

सिग्नलवाला

डॅकएमएक्स नाव सीरियल नंबरला बांधतो. तोच डॅक त्याच पीसीच्या दुसऱ्या पोर्टला लावला तर नाव टिकतं, पण दुसरा डॅक आला की त्याला पुढचं नाव मिळतं. तुमची व्हीआय डेव्ह१ शोधतेय आणि त्या नावाचा डॅक शेजारच्या टेबलावर गेलाय. मॅक्समध्ये लाल फुलीवाली नोंद डिलीट करा आणि डेव्ह२ चं नाव बदलून डेव्ह१ करा, मिनिटाचं काम. प्रत्येक डॅकच्या पाठीवर सीरियल नंबर छापलेला असतो. तो आणि टेबलाचा क्रमांक एका चिठ्ठीवर लिहून पीसीला चिकटवा. त्याखालीच विंडोज, लॅबव्ह्यू आणि डॅकएमएक्सची आवृत्तीही लिहा. पुढच्या वेळी कुणी पीसी फॉरमॅट मारायला आला की ती चिठ्ठी आधी त्याच्या हातात द्या.